हॅम्बुर्गच्या वखारीतील आगगाड्या

लष्करात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींकडे पाहुणे आले की त्यांना जयविलास महाल दाखवावाच लागतो, आणि तेथील चांदीची आगगाडी पाहिल्यावाचून कोणी परत जात नाही. भोजनोत्तर मद्य आणि सिगार घेऊन ती लांबलचक मेजावरील रुळांवरून फिरे आणि कोणी तिच्यावरची सुरई उचलली की जागच्या जागी थांबे. लहानपणी ही हकिकत ऐकून माझे थोरले बंधू विचारीत, “पण त्याच रुळांवर दुसरी गाडी असती, तर तीही थांबली असती का रे?” या प्रश्नाचे उत्तर साठी उलटल्यावर मला परदेशात मिळणार होते.

दादा पुढे ग्वाल्हेर-श्योपूर या दोन फुटी रुळांच्या मार्गावर इंजिनचालक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी माडीवरच्या खोलीत फळ्या मांडून खेळातल्या रेल्वेचे एक स्थानक उभारले. गाड्या जर्मन बनावटीच्या, पण पाटी सबलगढची! २०२० मध्ये तो छोटा मार्ग बंद झाला आणि दादांचे सारे मन त्या माडीवर जाऊन बसले. मात्र अलीकडे त्यांचे हात कापू लागले होते. जुन्या पद्धतीत रुळांतला विद्युतदाब कमीजास्त करून वेग बदलतो, आणि धन-ऋण टोके उलटवली की गाडी मागे धावते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने असली की दोन्ही एकदमच चालू लागतात. त्यांना वेगळे ठेवायचे तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला निराळे बटण लावावे लागते. दादांच्या माडीवर अशी चौदा बटणे होती. कापरे बोट भलत्याच बटणावर पडे, गाड्या एकमेकींवर आदळत आणि दादा मुकाट्याने खाली येत.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे हॅम्बुर्गला निघालो तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “ते डिजिटल म्हणतात ते घेऊन ये. पण मला चालवता येईल असेच आण. नाहीतर राहू दे.”

हॅम्बुर्ग हे एल्बे नदीवरचे मोठे बंदर. तेथील श्पायखरश्टाट म्हणजे कालव्यांच्या काठी उभी असलेली लाल विटांची वखारनगरी. कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे साठवण्यासाठी बांधलेल्या या वखारींना २०१५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकीच एका वखारीत ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ च्या ऑगस्टमध्ये ‘मिनियाटुर वुंडरलांड’ सुरू केले. सारे काही मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. आल्प्सचे घाट आहेत, खऱ्या पाण्यात जहाजे आहेत, विमानतळ आहे, आणि थोड्या थोड्या वेळाने रात्र होऊन असंख्य दिवे लागतात. हजारावर गाड्या आहेत. त्यांच्यावर नजर ठेवणारा कक्ष प्रेक्षकांना उघड दिसतो. तिथे पडद्यांच्या रांगेसमोर चार-दोन माणसे बसलेली असतात आणि गाड्या संगणकाच्या आज्ञेने धावतात.

मुलगी म्हणाली, “बाबा, काकांसाठी असेच काही घेऊ या. सगळे आपोआप!” मलाही क्षणभर मोह झाला. पण मग दादांनी काय करायचे? नुसते पाहत बसायचे? हजार गाड्यांना संगणक हवाच. दादांच्या दोन इंजिनांना मात्र चालक हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे सारे उलगडून सांगितले. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सदैव पूर्ण दाबाने असते आणि तिच्यातूनच आज्ञा धावतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची चकती असते व तिला क्रमांक असतो. टपालवाल्याने आळीत नाव पुकारावे आणि ज्याचे त्याने पुढे यावे, तसेच हे! या आज्ञांच्या भाषा मात्र अनेक आहेत. त्यांपैकी डीसीसी ही जर्मनीतील लेंझ कंपनीच्या कामावर आधारलेली भाषा. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिला प्रमाण ठरविले. त्यामुळे एका कंपनीचे यंत्र आणि दुसरीचे इंजिन यांचे जमते. आमचा पहिला निर्णय तेथेच झाला. ग्वाल्हेरसारख्या गावी राहणाऱ्याने एकाच दुकानाशी बांधून घेऊ नये.

मग त्याने फोनच्या काचेवर बोट फिरवून चालवायचे यंत्र दाखविले. यंत्र सुरेख होते, पण कापऱ्या बोटाला गुळगुळीत काच काय कामाची? मी रेडिओच्या बटणासारखे मोठे, गोल फिरणारे बटण असलेला हातातला कंट्रोलर मागितला. ते बटण दाबले की इंजिन थांबते. वीजपुरवठा तीन अँपिअरचा घेतला. घरगुती मांडणीला तो पुरतो, आणि दाब जर्मनीत व आपल्याकडे सारखाच, २३० व्होल्ट. सांधे मात्र हातानेच बदलायचे ठरविले. पुढे वाटले तर तेही जोडता येतील. दुकानदाराने एक इशारा दिला. जुन्या इंजिनाच्या मोटरची टोके सांगाड्यापासून पूर्ण विलग केल्याशिवाय डिकोडर जोडू नये, नाहीतर तो जळतो. लष्करातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने ते काम दोन संध्याकाळी बसून नीट केले.

दादांनी पहिल्या दिवशी एक इंजिन सबलगढच्या बाजूच्या रुळावर उभे केले आणि दुसरे मुख्य रुळावरून सावकाश पुढे नेले. हात कापतच होता, पण गाडी कापत नव्हती. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

“नाही थांबणार रे,” दादा म्हणाले. मला आधी कळलेच नाही. “चांदीच्या गाडीमागची दुसरी. तिला तिचा हुकूम वेगळा.”

चौदा बटणांची जुनी फळी त्यांनी टाकू दिली नाही. ती भिंतीशी उभी आहे. त्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला दादांना तीनदा हाक मारावी लागते.