तांबे, पाणी आणि मासा

काशीहून आणलेला गंगेचा गडू ज्या मराठी घराच्या देव्हाऱ्यात जपलेला असतो, त्या घरात तांब्याविषयी संशय सहसा नसतो. ताम्हन, पळी-पंचपात्री, रात्रभर पाणी भरून ठेवलेला कलश ही सारी शुद्धतेची भांडी. ही श्रद्धा निराधारही नव्हे. तांब्याचा अत्यल्प अंश पाण्यात उतरतो आणि कित्येक जंतूंचा नाश करतो.

त्याच घरात काचेच्या पेटीत सोनमासे असतील, तर मात्र शुद्धतेची कल्पना पुन्हा तपासावी लागते. माणूस पाणी पितो. मासा पाण्यातच श्वास घेतो. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि कल्ल्यांतील पेशी ते पाण्यातून पुन्हा आत ओढून घेतात. तांबे नेमकी हीच परतीची वाट अडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालू शकते. सुफेन पाण्यात याहून कितीतरी कमी तांब्याने मासा दगावतो. दुष्फेन पाण्यातील चुना त्याला काहीसे संरक्षण देतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, जो माणसाला पटकीपासून वाचवतो, तोही माशाचे कल्ले जाळतो. पाणी दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन बव्हंशी उडून जातो. तांबे जात नाही.

आणि तरीही तांबे हे माशाचे औषधही आहे. समुद्री माशांच्या अंगावर मखमलीसारखी पूड धरणाऱ्या परजीवीवर मोरचूद वापरतात; मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांब्याची. तेवढ्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात, म्हणून रोगी मासा वेगळ्या पेटीत हलवावा लागतो. तळाशी शिंपल्यांची वाळू असल्यास ती तांबे शोषून घेते. मात्रा उतरते आणि परजीवी जगतो. न मोजता पुन्हा मोरचूद ओतला, तर मासाच जातो. म्हणून पाणी रोज तपासणे हाच उपचाराचा खरा भाग होय.

नदीतील मासा नकोशा पाण्यापासून दूर जाऊ शकतो. पेटीतल्या माशाची ती वाट माणसाने काढून घेतलेली असते. तेव्हा त्याच्या वतीने पाणी पारखण्याचे दायित्वही माणसावरच येते. मराठीत प्राणी पाळतात, पथ्य पाळतात आणि वचनही पाळतात. या तिन्ही अर्थांना एकच क्रियापद लाभले आहे, हा केवळ योगायोग मानू नये.