दहा महिने वाळूजला, दोन महिने पलटणीत

वेरूळचा माझा भाचा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट. संभाजीनगरकरांना ही सेना ठाऊक आहे ती झाडं लावणाऱ्या १३६ इकॉलॉजिकल बटालियनमुळे; तिथले जवान बहुतेक माजी सैनिक. भाचा गेला इन्फन्ट्रीत.

अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःची कमाई हवी. लेखी परीक्षा, पुण्याची प्राथमिक मुलाखत, मग एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळ. तो पास झाला तेव्हा ताईने गल्लीभर पेढे वाटले.

पुढचं गणित अवघड निघालं. पहिल्या वर्षी महिनाभर मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, शिवाय पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या लष्करी अकादमीत (आयएमए) तीन महिने. पगार वर्दीत असेल तेवढ्याच काळाचा. त्याने रजेचा अर्ज पुढे केला तर साहेब म्हणाले, "अहो, ऑडिट तोंडावर आलंय, लाइन कोण बघणार?" प्रादेशिक सेनेच्या १९४८ च्या कायद्याचं कलम ७-अ लष्करी सेवेवरून परतलेल्याला कामावर परत घ्यायला लावतं. कलम दाखवून नोकरी मिळते, साहेबाची मर्जी नाही. बढतीच्या वेळी मागून आलेला पुढे गेला.

मालोजीराजांच्या वेरूळला शिपाईगिरी नवी नाही. पावसाळ्यात शेती, दसऱ्यानंतर मोहीम हे जुन्या फौजेला जमायचं, कारण गावही त्याच पंचांगावर चालायचं. कारखान्याचं पंचांग मार्चअखेर आणि शटडाउनचं.

मे २०२५ मध्ये केंद्राने प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्याची तरतूद झाली. आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत. बातमी आली त्या रात्री सूनबाईचा फोन आला, "मामा, हे गेले तर किती दिवसांसाठी?" मी काय सांगणार!

भाचा तरीही टिकला, त्याचं श्रेय त्याच्या कमांडिंग ऑफिसरला. त्यांनी शिबिराच्या तारखा बऱ्याच आधी कळवल्या, कारखान्याला स्वतः पत्र लिहिलं. भाच्यानेही हाताखालच्या पोराला लाइन शिकवून ठेवली. त्याच्याबरोबरचा एक जण, कामावर बदली माणूसच नसल्याने, राजीनामा देऊन मोकळा झाला.

परवा लेण्यांच्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला पदवीधर पोरगा भाच्याला भेटायला आला. पगार, रँक सगळं विचारून झालं. मग भाच्यानेच विचारलं, "दोन महिने गल्ल्यावर कोण बसणार?" पोरगा म्हणाला, "बहिणीशी बोलून सांगतो, दादा."