व्हीसीडीतल्या 'सीडीआय' फोल्डरची गोष्ट

घरात एखादी जुनी व्हीसीडी असेल, लग्नाची, मुंजीची किंवा एखाद्या मराठी नाटकाची, तर ती एकदा कॉम्प्युटरमध्ये घालून आत काय आहे ते बघा. काही फोल्डर दिसतील. 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये चित्रीकरण असतं. 'व्हीसीडी' नावाच्या फोल्डरमध्ये डिस्कची माहिती असते. आणि बऱ्याच डिस्कवर आणखी एक फोल्डर असतो, 'सीडीआय'. आपल्या टीव्हीखालच्या प्लेअरने त्याला कधी हातही लावलेला नसतो.

ताट वाढून ठेवावं आणि पाहुणा यायचाच राहून जावा, तसा हा फोल्डर आहे. तो पाहुणा म्हणजे फिलिप्स कंपनीचा सीडी-आय प्लेअर. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, नावही ऐकलेलं नाही. तरी त्याच्यासाठीचं ताट सांगली-सोलापूरच्या लग्नांच्या डिस्कवरसुद्धा वाढलेलं होतं.

सगळं काही करणारा डबा

सीडी-आयमधला 'आय' म्हणजे 'इंटरॅक्टिव्ह'. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८६ मध्ये ही कल्पना जाहीर केली आणि १९९१ च्या शेवटी घरगुती प्लेअर अमेरिकेत विक्रीला आला. दिसायला व्हीसीआरसारखा आडवा डबा, टीव्हीला जोडायचा. त्यावर गाणी ऐका, विश्वकोश वाचा, संग्रहालयाची सफर करा, मुलांना शिकवा आणि गेमही खेळा, असं सगळं एकाच यंत्रात.

अडचण तिथेच झाली. गेम खेळणाऱ्या मुलांना तो संथ वाटला आणि मोठ्यांना महाग. त्याच वर्षी सुपर निन्टेंडो अमेरिकेत १९९ डॉलरला मिळत होता. फिलिप्सचा डबा त्याच्या कितीतरी पट महाग होता. विश्वकोश आणि शिक्षणासाठी लोक कॉम्प्युटर घेऊ लागले. १९९४ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं आणि गेमच्या बाजारातली उरलीसुरली जागाही गेली. नव्वदचं दशक संपता संपता सीडी-आयचा कारभार आटोपला.

माझ्या पिढीला हे यंत्र माहीत आहे ते चेष्टेमुळे. निन्टेंडोबरोबरच्या करारातून फिलिप्सला मारिओ आणि झेल्डा ही पात्रं वापरायची परवानगी मिळाली होती. त्यातून १९९३ मध्ये झेल्डाचे दोन गेम आणि १९९४ मध्ये 'हॉटेल मारिओ' आला. त्यातली विचित्र हातवारे करणारी कार्टून पुढे इंटरनेटवर इतकी कापली-जोडली गेली की मूळ गेम न खेळताच आम्ही त्यावर हसलो. मीही हसले आहे.

पण १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचं प्रमाण ठरलं, तेव्हा ते ठरवणाऱ्यांमध्ये फिलिप्सही होती. ही नवी डिस्क सीडी-आय प्लेअरवरही चालावी म्हणून तिच्यात त्या यंत्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम ठेवायची सोय झाली. तो ठेवायची जागा म्हणजे 'सीडीआय' फोल्डर. यंत्र बाजारातून गेलं, पण व्हीसीडी आशियाभर पसरली. सिनेमा दोन-तीन डिस्कवर यायचा आणि मध्येच उठून डिस्क बदलावी लागायची, ते दिवस अनेकांना आठवत असतील.

बेळगावच्या माळ्यावरून बंगळुरूला

हे सगळं मला कळलं ते बंगळुरूच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. तो बेळगावचा. मी कंटेंट लिहिते, तो हार्डवेअरचं काम करतो. जेवणाच्या सुट्टीत दोघांना मराठी बोलायला मिळतं म्हणून मैत्री झाली. त्याचे वडील नव्वदच्या दशकात कामासाठी नेदरलँड्समध्ये आइंटहोवनला होते. फिलिप्सचा जन्म याच गावातला, १८९१ सालचा. परतताना काकांनी तिथून एक सेकंडहँड सीडी-आय प्लेअर आणला. तिथली टीव्हीची पद्धत आपल्यासारखीच 'पाल' आणि विजेचा दाबही जवळपास तोच, त्यामुळे बेळगावच्या घरात तो सरळ चालला.

त्या घरात सगळ्यात जास्त चालली ती टेट्रिसची डिस्क. सीडी-आयवरचा हा टेट्रिस १९९२ चा. वरून ठोकळे पडतात आणि मागे डोंगर, पाणी, झाडं अशी निसर्गदृश्यं, सोबत संथ संगीत. काका हौसेने खेळायचे, पण घरातल्या खऱ्या खेळाडू काकू. दुपारची आवराआवर झाली की त्या रिमोट हातात घ्यायच्या आणि झालेला स्कोअर किराणा हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायच्या.

काकू गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मुलाने माळ्यावरून प्लेअर काढला, तर तो सुरूच होईना. या यंत्रात वेळ आणि सेव्ह केलेल्या गोष्टी सांभाळणारी एक छोटी चिप असते आणि तिची बॅटरी चिपच्या पोटातच बंद केलेली असते. घड्याळाचा सेल बदलावा तशी ती बदलता येत नाही. बॅटरी संपली की यंत्र तारीख विसरतं, सेव्ह केलेलं विसरतं आणि काही मॉडेल तर उठतच नाहीत. जगभरातले सीडी-आय एकामागून एक याच दुखण्याने बंद पडत आहेत.

बहुरूप्याचं सोंग

मग त्याने दुसरा मार्ग धरला, इम्युलेटरचा. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात यायचा आणि क्षणभर खरंच वाटायचं. इम्युलेटर हा कॉम्प्युटरवरचा बहुरूपी. तो जुन्या यंत्राचं सोंग इतकं नेमकं घेतो की डिस्कवरच्या गेमला आपण खऱ्या फिलिप्सच्या डब्यातच आहोत असं वाटतं. 'मेम' नावाचा प्रकल्प निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ मध्ये सुरू केला, तो दुकानांतल्या आर्केड गेमसाठी. पुढे त्यात इतर यंत्रंही आली, त्यात सीडी-आयही आहे. हे करणारे बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून, फुकट काम करतात.

आजचा लॅपटॉप त्या डब्यापेक्षा शेकडो पटींनी वेगवान आहे. मग अवघड काय? वेगच. सीडी-आयच्या डिस्कवर आवाजाचे आणि चित्राचे तुकडे एकाआड एक मांडलेले असतात आणि डिस्क सेकंदाला नेमके ७५ तुकडे देते. गेम त्याच ठेक्यावर बेतलेला. लॅपटॉपने घाई केली तर आवाज तुटतो, चित्र आणि संगीत यांची ताटातूट होते. म्हणून इम्युलेटर लिहिणाऱ्यांची वर्षं त्या जुन्या यंत्राची चाल जशीच्या तशी उतरवण्यात जातात.

माझ्या मित्राने एस. पी. रोडवरून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. सीडी-आयची डिस्क घातली तर विंडोजला ती वाचताच येईना, म्हणून वेगळ्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत करून घेतली. यंत्र सुरू होताना लागणारा फिलिप्सचा प्रोग्रॅमही त्याने स्वतःच्या प्लेअरच्या चिपमधूनच वाचून घेतला. हे मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर या फाइल सहज सापडतात, पण त्यांचे हक्क कुणाचे तरी असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमची रीतसर प्रत बाळगणाऱ्याला ती खराब होण्यापासून जपण्यासाठी दुसरी प्रत करून ठेवायची मुभा आहे. दुसऱ्याची डिस्क उतरवून वाटण्याची नाही.

काका फेब्रुवारीत बंगळुरूला आले, तेव्हा मीही त्यांच्याकडे जेवायला होते. लॅपटॉप टीव्हीला जोडला, टेट्रिस सुरू झाला. काकांनी पहिले काही सेकंद ठोकळ्यांकडे पाहिलंच नाही, ते नुसतं संगीत ऐकत होते.

"आवाज तोच आहे की रे," ते म्हणाले.

मग खेळले. तीन डाव. प्रत्येक डाव संपला की बॅगेतून आणलेल्या त्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडून बघायचे आणि हसून मान हलवायचे. "तिच्या निम्मेसुद्धा नाहीत." जुन्या रिमोटवर अंगठ्याने फिरवायची दांडी होती, नव्या गेमपॅडवर हात बसत नाही, ही तक्रारही झाली. ती खरीच होती. इम्युलेटर यंत्राचं सोंग घेतो, हातातल्या वस्तूचं नाही.

आपल्या कपाटातली डिस्क

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. वस्तू बाजारात चालली की नाही, यावर ती जपण्यासारखी आहे की नाही हे ठरत नाही. फिलिप्सच्या हिशेबात सीडी-आय तोट्याचा धंदा होता. बेळगावच्या एका घरात तो एका बाईच्या दुपारचा हक्काचा वेळ होता. कुणी अनोळखी लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्याचं सोंग उभं केलं, म्हणून काकांना ते संगीत परत ऐकता आलं. आणि यंत्राची मेमरी कोरी झाली तरी वहीचं पान वाचता येत होतं, हेही तितकंच खरं.

आपल्या व्हीसीडींची गत फार वेगळी नाही. प्लेअर भंगारात गेले, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते आणि घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर काळाबरोबर खराब होतो. सुदैवाने व्हीसीडीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळवा. डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधल्या 'डॅट' फाइल कॉपी करा. व्हीएलसीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर त्या चालतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि फाइलला नाव देताना सोहळा कुणाचा, कुठला, कोणत्या साली, हे मराठीत लिहा. पडद्यावरची माणसं ओळखणारे वडीलधारे घरात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून लिहा. ही माहिती डिस्कवर कुठल्याच फोल्डरमध्ये नसते.