एक फोन, दोन खाती

माझ्या खिशात फोन एकच. पण प्राप्तिकराच्या हिशेबात त्याचे धनी दोन. एक शाळामास्तर, दुसरा कादंबरीकार. मास्तरांनी पालकांशी तासन् तास बोलावे, त्या बिलाची निराळी वजावट त्यांना नाही. नव्या करपद्धतीत 2024-25 या आर्थिक वर्षापासून पगारदाराला 75,000 रुपयांची सरसकट वजावट आहे. तीत सारे आले. कादंबरीकाराचे तसे नाही. मानधन हे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवून रीतसर हिशेब ठेवला, की लेखनापायी झालेला फोनखर्च त्यातून वजा होतो. घरचा वाटा तेवढा बाजूला काढायचा.

खरी पंचाईत इथेच आहे. प्रकाशकाचा फोन कामाचा, हे उघड आहे. पण रविवारी गावाहून आईचा फोन येतो. बोलता बोलता ती म्हणते, "भात पोटरीला आलंय रे." तो शब्द उचलून मी कादंबरीत घालतो. मग हे बोलणे कोणत्या खात्यात मांडावे? कायदा म्हणतो, खर्च सर्वस्वी आणि केवळ व्यवसायासाठी हवा. आईने तर आधी "जेवलास का?" असे विचारलेले असते!

तो फोन मी घरखाती मांडतो. त्यापायी थोडा कर जादा जातो. पण वाचकहो, तो भरताना हात आखडत नाही.