पोहणं आणि वजनकाटा

मे महिना आला की पोरांना पोहायला घालतात. "बारीक होईल, उंचीही वाढेल!" पोहून उंची वाढत नाही हो. फेल्प्सची १९३ सेंमी उंची मुळातलीच. तसल्या अंगाची माणसं स्पर्धेत पुढे जातात, म्हणून आपल्याला उलटं वाटतं.

माझा नऊ वर्षांचा भाचा तीन महिने पोहतोय. वजन हललं नाही, म्हणून ताई क्लास बंद करायला निघाली. अगं, काट्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही! पाणी अंगाचा भार उचलतं, त्यामुळे जाड पोरगंही गुडघे न दुखवता दमेपर्यंत हात-पाय मारतं. टी-शर्ट काढायला लाजणारा हा आता बिनधास्त सूर मारतो.

हाडांसाठी मात्र उड्या, पळापळ हवीच. तेव्हा संध्याकाळची लंगडी चालू द्या, पोहून आल्यावरचा वडापाव तेवढा आवरा.