पायऱ्या-पायऱ्यांचा 'ओ'

परवा नातीने तिच्या कॉलेजातल्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनाचे पोस्टर दाखवले. इंग्रजी अक्षरे, छापील पुस्तकात असतात तशी पायाशी आडव्या रेघा असलेली, पण सगळी चौकोनी ठिपक्यांची. 'ओ' तर गोल नाहीच, नुसत्या जिन्याच्या पायऱ्या! मी पडलो मास्तर. उभी हयात पोरांची अक्षरे सुधारण्यात गेली. म्हटले, "अगं, हे काय उंदराने कुरतडलंय?"

"आजोबा, पिक्सेल सेरिफ म्हणतात याला. मुद्दाम तसं आहे."

मग शिकवणी सुरू झाली. १९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, नुसता काळा-पांढरा. त्याच्यासाठी सुसान केर या बाईंनी 'न्यूयॉर्क' नावाचा सेरिफ फाँट ठिपका-ठिपका मांडून केला. रेघ जाड करायची तर एक ठिपका नाहीतर दोन, दीड नाहीच. पुढे पडदे सुधारले, अक्षरे गुळगुळीत झाली. आता अशी अक्षरे हौसेने वापरतात, गेममध्ये, पोस्टरवर, गाण्यांच्या अल्बमवर. "पण मथळ्यालाच हं," नात म्हणाली, "पानभर वाचवत नाहीत. आणि मोठी करायची तर दुप्पट, तिप्पट. दीडपट केली की ठिपके बिघडतात."

केरबाईंना हे काम कशिद्यासारखे वाटे, असे तिने सांगितले आणि मी एकदम गप्प झालो.

१९७६ साली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, आमच्या हिने मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने इंग्रजीत 'वेलकम' भरले होते. अगदी अशीच अक्षरे, पायाच्या रेघांसकट. मी पाहिले आणि म्हणालो, "ओ काही गोल जमला नाही तुला." ती काहीच बोलली नाही. ते कापड दारावर कधी लागले नाही. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली.

ट्रंक उघडली. तळाशी घडी होती तशीच. नातीने फोटो काढले. म्हणाली, "आजीचाच फाँट करू या." पण 'वेलकम'मध्ये वेगळी अक्षरे सहाच. उरलेली वीस काढायचे काम माझ्याकडे आले.

आलेखाचा कागद घेऊन बसलो. 'आय', 'टी' सरळ, ते सोपे. 'एस'पाशी तीन दिवस अडलो आहे. वळवायला जावे तर पोट सुटते, नाहीतर इंग्रजी पाचाचा आकडा होतो. अर्धा चौकोन भरता येत नाही, हे हातात पेन्सिल घेतल्यावर कळले. तिला टाका घालताना कळतच असणार. माझ्यासारख्याला कोण सांगणार?

काल ते कापड दारावर लावले. लाल धागा फिका पडलाय. फाटकापासून पाहिले, तर 'ओ' चांगला गोल दिसतो.

असो. तुमच्याही ट्रंकेत असे काही असेल, तर बाहेर काढा मंडळी.