हिमोग्लोबिन चांगलं, तरी दमते का?

आमच्या घरात दमलेल्या माणसाचं निदान दोन भाषांत होतं. मी म्हणते, ‘रक्त कमी झालंय.’ सासूबाई म्हणतात, ‘रक्त कडिमि आगेति.’ उपाय मात्र दोन्ही भाषांत एकच: बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे.

गेल्या वर्षी मुलगी सेकंड पीयूसीला होती. जिना चढली की धाप, संध्याकाळी पुस्तकावरच डोळा लागायचा. हिमोग्लोबिन तपासलं तर १२.२. बाईमाणसाला बारा पुरे असं मानतात. ‘रक्त छलो ऐति,’ सासूबाई म्हणाल्या. पण डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली, फेरिटिन. ते निघालं ९. डॉक्टर म्हणाले, ‘रोजचा खर्च अजून भागतोय, पण शिल्लक संपलीय.’

मी शिकवते मराठी. ही शिल्लक म्हणजे काय, ते स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या मॅडमनी समजावलं. शरीरात जादा लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलं जातं, मुख्यतः यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत. १९३७ साली लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञानं ते प्रथम घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं. त्यातला अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. तेवढ्यावरून कोठाराचा अंदाज बांधायचा.

पण तो अंदाज बरोबर, हे कसं ठरवायचं? जित्या माणसाचं यकृत काढून तर बघता येत नाही. इथे पांढरे उंदीर कामी आले. नुकत्याच दूध तुटलेल्या पिल्लांचे दोन गट करायचे. आहार सगळा सारखा, फक्त एका गटाच्या खाण्यात लोह नाही. कमतरता झालेली पिल्लं खातातही कमी, म्हणून दुसऱ्या गटालाही तेवढंच मोजून घालायचं. पाणी शुद्ध केलेलं, पिंजरा गंजणारा नको. नाहीतर लोह तिथूनच पोटात जायचं. मग ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं आणि शेवटी यकृतातलं लोह प्रत्यक्ष मोजून दोन्ही आकडे ताडून पाहायचे. त्यातून क्रम कळतो: आधी कोठार रिकामं होतं, मग रक्तातून वाहणारं लोह घटतं आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरतं. माणसांतही क्रम हाच.

उंदरांनी याआधीही डोळे उघडले होते. १९२८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात नुसत्या दुधावर वाढवलेले उंदीर फिके पडले. त्यांना शुद्ध लोह दिलं, तरी रक्त वाढेना. किंचित तांबं दिल्यावर वाढलं. म्हणजे एका खनिजाच्या कमतरतेमागे दुसरंही लपलेलं असू शकतं.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याचं शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं आणि धान्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटेट फोडणारं विकर त्याच्या आतड्यात असतं. १९९१ साली झालेल्या एका तुलनेत चहासारख्या ज्या गोष्टींनी माणसातलं लोहशोषण बदलतं, त्यांचा उंदरावर फारसा परिणाम दिसला नाही. तेव्हा रक्तातली खूण उंदरावर शोधावी, पण जेवणानंतरच्या चहाचा न्याय माणसावरच व्हावा. भाकरी-भाजीवर लिंबू पिळावं, चहा तास-दीड तासानं घ्यावा.

खूणही कधीकधी फसवते. ताप, जंतुसंसर्ग किंवा अंगात सूज असली की फेरिटिन वाढतं आणि रिकामं कोठार भरलेलं भासतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार निरोगी असताना १५च्या खाली, तर संसर्ग वा सूज असताना ७०च्या खाली फेरिटिन असेल तर मोठ्या माणसांत लोहाची कमतरता समजतात. नुसता आकडा पाहून स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत, हे ओघानं आलंच.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, कर्नाटकात ४७.८ टक्के. ही मोजणी हिमोग्लोबिनची. ज्यांचं हिमोग्लोबिन अजून टिकून आहे, पण साठा संपलाय, त्या या आकड्यात नाहीतच. त्या आपल्या स्वयंपाकघरात आहेत, शेतात आहेत, माझ्या वर्गात मागच्या बाकावर आहेत.

वाचकहो, कन्नडमध्ये लोखंडाला ‘कब्बिण’ म्हणतात आणि अन्नातल्या लोहाला ‘कब्बिणांश’. शब्द कोणताही वापरा. पण घरातली मुलगी सतत दमते म्हणाली, तर तिला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: हिमोग्लोबिन पाहिलं, साठा पाहायचा का?